निघायची वेळ

2021च्या डिसेंबरात आमच्या जिल्ह्याच्या गावी बीजीएमआय या मोबाइल गेमची स्पर्धा झाली. शेवटच्या सामन्याआधी आमचा संघ गुणांत दुसरा होता. संघात माझा मावसभाऊ, एक वर्गमैत्रीण, तिच्या शेजारचा अकरावीतला मुलगा आणि मी. कॉल माझे असायचे. कुठे उतरायचं, कुणाशी भिडायचं, कधी हलायचं, हे मी सांगायचे. तो सामना आम्ही नेमबाजीत कमी पडलो म्हणून हरलो नाही. मी निघायचा कॉल उशिरा दिला म्हणून हरलो.

नकाशा एरँगलचा, आठ किलोमीटर लांब आणि आठ रुंद. आम्ही पोचिंकीत उतरलो. लूट छान मिळाली, शेजारी उतरलेला संघ आम्ही पूर्ण संपवला आणि एक दुमजली घर धरलं. तेवढ्यात पुढचं सर्कल, म्हणजे सुरक्षित वर्तुळ, दक्षिणेला पडलं, सोस्नोव्का बेटावर, मिलिटरी बेसच्या बाजूला. मावसभाऊ म्हणाला, "ताई, निघूया का? मध्ये पूल लागतोय." मी म्हणाले, "थांब रे, वेळ आहे अजून. समोरच्या टेकडीवर दोघं दिसलेत, ते घेऊ आणि मग जाऊ." ते दोघं काही हाती लागले नाहीत. वेळ मात्र गेला. गाडीत बसलो तेव्हा झोनची निळी भिंत, जिच्या बाहेर राहिलं की जीव घटत जातो, पाठीशी आली होती, आणि पुलाच्या पलीकडच्या टोकाला गाड्या आडव्या लावून एक संघ आमच्यासारख्यांचीच वाट बघत होता.

त्या बेटाला जोडणारे पूल दोनच. आम्ही धरला त्या पुलावर टायर फुटले, मैत्रीण नॉक झाली, म्हणजे जखमी होऊन पडली. तिला उठवायला थांबावं तर मागून झोन आणि पुढून गोळ्या. आम्ही तिघं पाण्यात उतरलो. पाण्यात बंदूक चालत नाही आणि पोहण्याचा वेग इतका कमी की झोन सहज गाठतो. दोघं तिथेच गेले. मी एकटी काठाला लागले, पण तो काठही तोवर निळ्यात गेला होता. फर्स्ट एड किट लावायला घेतलं, ते पुरं व्हायच्या आत संपले. अकरावीतल्या मुलाने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि काहीच बोलला नाही. तीन महिने तो माझ्या शब्दावर खेळला होता. त्याचं ते गप्प राहणं मला अजून आठवतं.

नंतर मी आमचेच सामने पुन्हा पुन्हा पाहिले. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, जी खेळणाऱ्या बहुतेकांना माहीत असते पण वापरता येत नाही. निळी भिंत सगळीकडून सारख्या वेगाने येत नाही. ती पांढऱ्या सर्कलला सगळ्या बाजूंनी एकाच वेळी टेकते. म्हणजे नकाशावर ज्या बाजूला निळी आणि पांढरी रेघ जवळजवळ आहेत, तिथे भिंत रांगत येते. ज्या बाजूला दोन्हींत मोठं अंतर आहे, तिथे ती धावत येते. आमचं घर उत्तरेला होतं आणि सर्कल दक्षिणेला गेलं होतं. सगळ्यात वेगवान भिंत आमच्याच वाट्याला होती. मी घड्याळ बघत होते. बघायला हवं होतं अंतर.

म्हणून नवं सर्कल पडलं की पहिला प्रश्न हा विचारा: आपण रांगत्या बाजूला आहोत की धावत्या? धावत्या बाजूला असाल तर हातातली लढाई सोडा. समोरचा जखमी असला, त्याची लूट दिसत असली, तरी सोडा. पळत एक किलोमीटर जायला अडीच-तीन मिनिटं लागतात आणि वाटेत कुणी भेटणार नाही असं कधी होत नाही. मध्ये पाणी किंवा पूल असेल तर इतरांच्या आधी पार व्हा, नाहीतर किनाऱ्यावर बोट शोधा. आम्हाला किनाऱ्यावरचं फेरी पिअर गाठता आलं असतं. मला ते सुचलंच नाही, कारण माझं सगळं लक्ष टेकडीवर होतं.

रांगत्या बाजूला असाल तर मात्र घाई नको. माझं स्पष्ट मत आहे की ज्या संघाचा नेम मध्यम आहे, त्याने सर्कलच्या मधोमध घर धरण्यापेक्षा या बाजूची कड धरावी. मध्यात चारही दिशांनी लोक येतात. कडेला पाठीमागे फक्त झोन असतो आणि तिकडून कुणी आलाच तर तो मार खाऊन अर्धमेला झालेला असतो.

गाड्यांबद्दल आग्रहाने सांगते. चौघांना एक गाडी पुरत नाही, दोन ठेवा. घराच्या आडोशाला, तोंड बाहेरच्या दिशेने. पेट्रोल आधी बघून घ्या. मिरामारच्या नकाशावर तर गाडीवाचून उघड्या माळावर निभाव लागत नाही. सानहोकचा नकाशा चार बाय चार किलोमीटरचा, तिथे गाडीपेक्षा झाडी कामाची.

शेवटची दोन-तीन सर्कलं हा वेगळाच खेळ आहे. तिथे घर मिळेलच असं नाही, बऱ्याचदा उघडं गवत आणि एखादा दगड एवढंच असतं. झोनचा मारही टप्प्याटप्प्याने वाढत जातो. सुरुवातीला बँडेजवर निभतं, शेवटी काही सेकंद पुरतात. एनर्जी ड्रिंक आणि पेनकिलर झोन हलायच्या आधीच घ्या. निळ्यात उभं राहून किट उघडण्याची वेळ आली म्हणजे चूक आधीच झालेली आहे. स्मोक ग्रेनेड प्रत्येकाकडे किमान दोन हवेत, आणि ते शेवटपर्यंत राखायचे. पुलावर आमच्याकडे एकही नव्हता. असता तर निदान मैत्रिणीला गाडीमागे ओढून घेता आलं असतं.

आता मी आमच्या गल्लीतल्या चार मुलांचा सराव घेते. या गेममध्ये अठराच्या आतल्यांना रोज तीनच तास खेळता येतं, आणि ते योग्यच आहे. त्या वेळात मी त्यांना एक सामना असा खेळायला लावते की कुणी अंगावर आल्याखेरीज गोळी झाडायची नाही. नकाशा फक्त एकाने बघायचा आणि सर्कल पडलं की मोठ्याने तीन गोष्टी बोलायच्या: भिंत रांगती की धावती, वाटेत पाणी आहे का, थांबायची जागा कोणती. बाकीच्यांनी त्यावर वाद घालायचा नाही, निघायचं. दर सामन्यानंतर आम्ही वहीत लिहितो, कोणत्या सर्कलला किती वाजता निघालो आणि पोचलो तेव्हा किती जण जिवंत होतो. मावसभाऊ पुण्याहून सुट्टीला आला की ती वही तो तपासतो.