हाताला काम, मनाला धीर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, अवधूतांनी यदुराजाला आपले 24 गुरू सांगितले. त्यांत एक बाण करणारा कारागीर आहे. शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली, तरी त्याला कळलं नाही. एकाग्रता हा त्यातला मुख्य बोध. मला त्यात आणखी एक दिसतं : हाताला आपलं काम असलं की मनाला धीर येतो. हे मी घरातच पाहिलं.

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनानंतरची पहाट. किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. त्यानंच घात केला. औसा तालुक्यातलं आमचं घर उभं राहिलं, पण भिंती फुटल्या. वडील बोलेनासे झाले. दिवसभर लिंबाखाली बसायचे. जेवायला बोलावलं, तर "ठेव तिथं" एवढंच.

पुढं 52 गावं नव्या जागी वसली. इतर शेकडो गावांत घरमालकानंच दुरुस्ती करून घ्यायची होती. सरकार हप्त्यानं मदत देई. महिला मंडळांतल्या बाया 'संवाद सहायक' होऊन लोकांना माहिती सांगत. माळवदाचं ओझं कमी करा, असं कळलं आणि वडील उठले. "ती माती मीच काढणार. माझ्या बापानं टाकलेली हाय." टोपली टोपली माती उतरवली. भिंतीत आरपार लांब दगड बसतात का, हे मिस्त्रीजवळ उभं राहून पाहिलं. त्या रात्री त्यांनी भाकरी मागून घेतली. दुःख गेलं नव्हतं. पण उद्या काय करायचं, हे त्यांच्या हातात आलं होतं.

आता मी नांदेडला मुलाकडं असतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सगळे मायेनं म्हणाले, "बाबा, तुम्ही फक्त आराम करा." पण माझ्यावाचून कुणाचंच काही अडेना, तशी माझी झोप उडाली. मग वडील आठवले. देवळात जाऊन गुरुवारच्या प्रसादाचे तांदूळ निवडायचं काम मागून घेतलं. कधी बसायचं, किती निवडायचे, माझं मी ठरवतो. पंगत जेवून उठली की रात्री शांत झोप लागते.

वडीलधाऱ्यांनो, आराम जरूर घ्या. पण एक काम आपल्याकडं ठेवा. लहान असलं तरी चालेल, ते कुणाच्या तरी उपयोगी पडावं आणि आपल्या पद्धतीनं करता यावं. लेकीसुनांनीही ते हातातून काढून घेऊ नये.

यंदा माहूरचं दत्तशिखर चढणं मला जमणार नाही. पण जयंतीचे तांदूळ माझ्याकडं आलेत.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥