एमआरआय नॉर्मल आला, तरी…

अगं, मामंजींचा एमआरआय नॉर्मल आला म्हणून तुझा जीव भांड्यात पडला, ते साहजिक आहे. पण शंका पार्किन्सन्सची असेल, तर एक गोष्ट नीट ऐक. त्यात साधा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. मेंदूत गाठ नाही, झटका येऊन गेलेला नाही, पाणी साठलेलं नाही, एवढं त्यातून कळतं. या आजारात मरतात त्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी. हात थरथरायला लागतो तोवर त्यातल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात, तरी रिपोर्ट स्वच्छ!

ही झीज दाखवणारी तपासणी वेगळी, ट्रोडॅट स्कॅन. शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देतात, 3-4 तास थांबवतात, मग फोटो काढतात. निरोगी मेंदूत दोन्हीकडे ठळक स्वल्पविराम दिसतात. पार्किन्सन्समध्ये त्यांची शेपटी पुसट होते आणि टिंब उरतं, बहुधा एका बाजूला आधी.

पण लगेच त्यासाठी मोठ्या शहराकडे धावू नका. हा स्कॅन लागतो तो डॉक्टरांनाच शंका असेल तेव्हा. काहींचा हात वेगळ्याच कंपामुळे हलतो, काहींचा चक्कर-पित्ताच्या काही गोळ्यांमुळे; त्यांचा स्कॅन चांगला येतो. शिवाय पार्किन्सन्ससारखे दुसरेही आजार आहेत, ते त्यातून वेगळे ओळखू येत नाहीत. 1817 साली लंडनच्या जेम्स पार्किन्सननं हा आजार लिहून ठेवला, तो सहा माणसं पाहून. त्यातली काही तर रस्त्यात दिसलेली. आजही निदान मुख्यतः पारखी नजरेनंच होतं.

म्हणून आधी नांदेडला मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. वसमतहून कितीसं लांब आहे? जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं घे. मामंजी अंगणात चालताना मोबाइलवर व्हिडिओ काढ. एक हात हलत नाही का, बघ. मांडीवर निवांत ठेवलेला हात थरथरतो का, तेही टिप. बँकेच्या जुन्या-नव्या स्लिपा काढ, सही बारीक होत गेलीय का पाहा. आणि हळूच विचार, मोंढ्यात हळदीचा वास पूर्वीसारखा येतो का? वास जाणं हे कधीकधी थरथरीच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतं.

गोळ्या सुरू झाल्या तर वेळ चुकवू नका, मनानं बंद तर मुळीच करू नका. झीज भरून येत नाही, पण औषधानं आणि रोजच्या व्यायामानं माणूस पुष्कळ वर्षं आपलं आपण करू शकतो. वयच झालं म्हणून सोडून देऊ नकोस, बाई. याच आठवड्यात नंबर लाव.