विसरलेले, तरीही उरलेले

घरी एकट्याने जुहरची नमाज चालू आहे. ओठ सूरह फातिहाचे पठण करीत आहेत, रुकू आणि सजदे क्रमाने घडत आहेत, आणि एकाएकी शंका येते: ही तिसरी रकअत की चौथी? जीभ अडखळली नव्हती, शरीरही चुकले नव्हते. मन मात्र तेथे नव्हते. हा अनुभव बहुतेकांचा आहे. अशा विस्मरणासाठी शरीअतने सजदा-ए-सह्वची तरतूदही केली आहे. परंतु मन बाजारात फिरत असताना ओठांना आणि शरीराला कोण चालवीत होते?

मानसशास्त्र सांगते की स्मृती एकाच प्रकारची नसते. एक स्मृती आपण जाणीवपूर्वक आठवतो. दुसरी अव्यक्त असते. ती आठवत नाही, पण वागण्यातून प्रकट होते. अमेरिकेत १९५३ साली हेन्री मोलेसन या अपस्माराच्या रुग्णावर मेंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर नवीन घटना त्याच्या लक्षात राहीनाशा झाल्या. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवावयास दिली. हे काम आपण पूर्वी केले आहे, हे त्याला आठवत नसे. तरीही दिवसेंदिवस त्याचा हात सफाईने चालू लागला. मन विसरले, हात शिकला.

जिनिव्हाचे डॉक्टर क्लापारेद यांनी याच स्मृतीची दुसरी बाजू १९११ साली मांडली. स्मृती गमावलेल्या एका स्त्रीशी हस्तांदोलन करताना त्यांनी हातात टाचणी लपवली होती. टोचल्याची घटना ती लवकरच विसरली. पण त्यांनी पुन्हा हात पुढे करताच तिने आपला हात मागे घेतला. कारण मात्र तिला सांगता येईना. घटना पुसली गेली, भीती उरली.

आता आपल्या घराकडे पाहू या. लहान मूल कायदा घेऊन बसले आहे. उच्चार चुकला की आवाज चढतो, कधी हातही उठतो. ‘लहान आहे, विसरून जाईल,’ अशी आपण स्वतःची समजूत घालतो. घटना ते विसरेलही. पण उद्या कुरआन उघडताना त्याची छाती धडधडली, तर ते कोणाला दोष देणार? जी वाणी हृदयाला शांती देण्यासाठी आली, तिच्याशी आपल्याच हातून भय जोडले जाऊ नये. आपण मुलांना जे सांगतो त्यातले पुष्कळसे ती विसरतात. ज्या स्वरात सांगतो, तो त्यांच्यात मुरतो.

इमाम गझाली (मृत्यू इ.स. ११११) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये सुलेखनकाराचे उदाहरण दिले आहे. तो आरंभी कष्टाने अक्षरे गिरवतो. पुढे सुंदर लेखन हाच त्याचा स्वभाव होतो. औदार्य आणि विनयही असेच अंगी बाणतात. सूरह मुतफ्फिफीनमध्ये (८३:१४) माणसाच्या कमाईने हृदयावर चढणाऱ्या गंजाचा उल्लेख आहे. दुष्कृत्ये साचत जातात, तसा हा गंज वाढत जातो.

म्हणून सवय ही अमानत समजावी. तिने आपल्याला मुसल्ल्यापर्यंत आणावे, हे तिचे उपकार आहेत. पण तेथे हृदय हजर करणे तिच्या हाती नाही. तकबीरपूर्वी क्षणभर थांबा आणि आपण कोणासमोर उभे आहोत, याची जाणीव जागी करा. मुलाला रागावण्यापूर्वीही तसेच थांबा. हा विराम लहान आहे, पण तो नित्याचा असू द्या. थोडे असले तरी सातत्याने केलेले कर्म अल्लाहला प्रिय असल्याची शिकवण प्रेषितांनी (स.) दिली आहे.

अल्लाह आपल्या सवयींना आपल्या नियतीची साथ लाभू देवो, आणि आपल्या मुलांच्या हृदयात आपल्या हातून केवळ प्रेम उरो. आमीन.