पाइपखालच्या पॅडचा हिशेब

धाटावच्या एमआयडीसीतल्या छोट्या केमिकल कारखान्याला पाइपलाइनचं कोटेशन येतं, तेव्हा मालकाची पेन्सिल आधी ‘पॅड’ या ओळीवर जाते. पाइप आहे, खाली आधाराचा शू आहे, मग मध्ये आणखी पत्रा कशाला?

सगळीकडे तो लागत नाहीच. पाण्याच्या दोन इंची लाइनला यू-बोल्ट पुरतो, तिथे पॅडचे पैसे देऊ नका. पण पातळ भिंतीची स्टेनलेस लाइन, मोठ्या व्यासाचा जड पाइप, पाइपला जखडणारा अँकर किंवा स्टॉपर, अशा ठिकाणी शू थेट पाइपवर वेल्ड केला की सगळा भार एका रेघेवर येतो. पॅड तो पसरवतो.

आता आकडे. सहा इंची पाइप, म्हणजे बाहेरून 168.3 मिमी. त्याला 120 अंशांत कवेत घेणारा, 300 मिमी लांब, 6 मिमी जाडीचा पॅड साधारण अडीच किलोचा होतो. साधी प्लेट किलोला 70 रुपये धरली तर पावणेदोनशेच्या आसपास. (दर त्या दिवशीचा विचारा.) खरा खर्च वेल्डिंगचा. 250 मिमीचा शू थेट लावला तर दोन्ही बाजू मिळून 50 सेंमी वेल्ड. पॅड आला की त्याच्या चारी कडांचे 96 सेंमी वाढतात, म्हणजे काम जवळजवळ तिप्पट. त्यावर पत्रा वाकवणं, ग्राइंडिंग, डीपी (डाय पेनेट्रंट) टेस्ट आणि उंचावर असेल तर परांची.

म्हणून किलोच्या दराने ठेका देऊ नका. किलोत वेल्डरची मजुरी दबते आणि मग पॅड नुसते टाके मारून बसवला जातो. उघड्या फटीत कोकणातला चार महिन्यांचा पाऊस शिरतो आणि पाइप दिसेल तिथे नाही, नेमका पॅडच्या आडून गंजतो. दर ‘प्रति सपोर्ट, पूर्ण वेल्ड आणि टेस्टसह’ मागा. जीएसटी धरून की वेगळा, तेही लिहून घ्या.

काम बघायला स्वतः जा. पॅडचे कोपरे गोल हवेत. त्यात 6 मिमीचं एक भोक हवं. वेल्डिंगच्या उष्णतेने आत कोंडलेली हवा त्यातून निघते, पुढे पाइप गळला तर तेही तिथेच कळतं. काम झाल्यावर भोक ग्रीसने बुजवा, वेल्डने नाही. भंगारातल्या त्याच मापाच्या पाइपचा तुकडा चिरून पॅड केला असेल तर परत पाठवा: त्याची आतली गोलाई लहान असते, तो नीट बसत नाही. स्टेनलेस पाइपला पॅडही त्याच ग्रेडचा, टेस्ट सर्टिफिकेटसह. साध्या स्टीलला पावसाळ्यात 7018 इलेक्ट्रोड ओव्हनमधून काढून वापरतात का, हे बघा. उघड्या पुड्यातला असेल तर काम थांबवा.

वाफेच्या लाइनचा दाब चौरस सेंमीला 3.5 किलोच्या वर असेल तर ती आयबीआरखाली (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स) येते. तिथे आयबीआरचा वेल्डर आणि मंजुरी लागते, दरही त्याच हिशेबाने चढतो.

पेणहून माणसं येवोत की नागोठण्याहून, पॅड लाइन उभारतानाच लावून घ्या. चालू लाइनवर नंतर लावायचा तर शटडाऊन, लाइन धुणं, हॉट वर्क परमिट हे सगळं तुमच्या खिशातून जाईल.