ध्यास घेताना

चि. समीर यास,


ताईचा, तुझ्या आईचा, काल फोन आला होता. मातीच्या बाहुल्या जराजरा हलवत तू मोबाइलवर जी फिल्म करतोस, तिला ती ‘खूळ’ म्हणते, तुझे बाबा ‘नाद’ म्हणतात. दोघांच्या बोलण्यात काळजी आहे, ती आधी ओळख.

आपल्याकडे या गोष्टीला शब्द पुष्कळ. नाद लागतो, वेड लागतं, खूळ डोक्यात शिरतं, एखादी कल्पना माणसाला पछाडते. या साऱ्यांत माणूस सापडलेला असतो, कर्ता दुसराच कोणी. छंद लागतो, पण पुढे तो जोपासावा लागतो. ध्यास मात्र लागतो तसा घेताही येतो. घेतला, की जबाबदारी आपली. एवढं एकच मला तुला सांगायचं आहे.

तू दादासाहेब फाळक्यांच्या वाटेवरचा, म्हणून त्यांचंच सांगतो. १९१० साली मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांना चित्रपटाचं वेड लागलं. रोज इतके चित्रपट पाहिले की काही काळ दृष्टी गेली. इथपर्यंत वेडच. पुढे विमा पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले, तंत्र शिकले, कॅमेरा मागवला. आणि पहिल्यांदा केलं काय? कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेऱ्यापुढे ठेवून एकेक चित्र टिपत राहिले. पडद्यावर बघता बघता रोप उगवून वेल चढू लागला. ती एवढीशी फिल्म पाहून भांडवल देणारे पुढे आले. मला त्यांच्या पुढच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटापेक्षा त्या वाटाण्याचं अप्रूप अधिक वाटतं. मागणं मागायच्या आधी माणसाने हातचं काम दाखवलं! तुझी बाहुलीही त्याच रीतीने चालते, एकेक चित्राने.

पण त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंना विसरू नकोस. काळोख्या खोलीत कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडणं, ती धुणं, शिवाय चित्रपटातल्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक. दागिनेही त्यांचेच गेले. फाळक्यांच्या ध्यासाचा भार त्या माउलीने उचलला, आणि ती कामात बरोबरीने होती म्हणून तो पेलला. तुझा भार ताईवर न विचारता पडतो आहे. स्वयंपाकघरातला ओटा रात्रभर तुझ्या दिव्यांनी अडलेला असतो, पहाटे तिला डब्याची घाई असते.

तेव्हा असं कर. माळ्यावरची जुनी शिवणयंत्राची फळी काढ, मागच्या खोलीत मांड. रात्री अकराला दिवे बंद, डोळ्यांशी खेळ नको. आणि नव्या कॅमेऱ्याचा विषय बाबांजवळ काढण्याआधी एक मिनिटाची फिल्म सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुरी कर. अर्धवट सात पडल्या आहेत म्हणे. पुरी झाली की आधी ताईला दाखव, मग मला पाठव. नव्या कॅमेऱ्याच्या लेन्सचे पैसे मी बाजूला काढून ठेवले आहेत.

तुझा,
मामा