'जुनी सायकल विकणे आहे' : जाहिरात लेखनाचा एक राहून गेलेला पाठ



नववी-दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनात 'जाहिरात लेखन' असते. मुले ते आवडीने लिहितात. 'खुशखबर! खुशखबर!' अशी सुरुवात, मग 'त्वरा करा', 'मर्यादित साठा', खाली भरघोस सवलत आणि दुकानाचा पत्ता. यमक जुळले, चौकट नीट आखली की गुण मिळतात.

पण या सगळ्या जाहिराती दुकानदाराच्या असतात. आपल्या वर्गातली किती मुले उद्या दुकान काढणार आहेत? आणि किती जण घरातली जुनी सायकल, जुना मोबाइल, अभ्यासाचे टेबल किंवा बारावीची पुस्तके ओएलएक्सवर, फेसबुक मार्केटप्लेसवर नाहीतर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विकायला काढणार आहेत? दुसऱ्या प्रश्नाला हात बरेच वर होतील, बघा.

जुन्या वस्तूची जाहिरात दुकानाच्या जाहिरातीसारखी लिहून चालत नाही. का चालत नाही, आणि हे कळले नाही तर वैतागाबरोबर पैसेही कसे जातात, ते या पाठात पाहू. आठवी ते दहावीच्या वर्गात दोन तासिकांत हा पाठ होतो. पालकांना घरीही घेता येईल.

१. बोहारणीपासून मोबाइलपर्यंत

जुन्या वस्तूंचा व्यवहार आपल्याला नवा नाही. बोहारीण दारात बसायची, आई जुने कपडे पुढे ठेवायची. बोहारीण प्रत्येक साडी उलगडून, उजेडात धरून बघायची. कुठे विरली आहे, कुठे फाटली आहे, ते दोघींच्या डोळ्यांसमोर असायचे. मग पातेल्यावरून घासाघीस. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी गेलात तर आजही माणसे वस्तू हातात घेऊन, वाजवून, चालवून बघतात.

मोबाइलवरच्या बाजारात बदलले काय? गिऱ्हाईक वाढले, पण वस्तू नजरेआड गेली आणि माणूसही. पुढचा सगळा त्रास या एका बदलातून येतो. फळ्यावर हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहा.

२. विकणाऱ्याचा वैताग

मुलांना विचारा, घरी कोणी वस्तू विकायला टाकली तेव्हा काय झाले? उत्तरे साधारण अशी येतात.

• 'अजून आहे का?' एवढाच निरोप येतो. 'आहे' म्हटले की पुढे कोणी बोलतच नाही.
• वस्तू न बघता 'लास्ट प्राइस?' विचारतात.
• 'रविवारी अकराला येतो' म्हणतात, आपण दिवसभर घरी बसतो, येत कोणीच नाही.
• ठरलेल्या किमतीवर येतात आणि दारात उभे राहून ५०० रुपये कमी करायला लावतात.

मुले म्हणतील, 'सर, लोक वाईटच असतात.' इथे थांबा आणि विचारा, हेच लोक जुन्या बाजारात असे का वागत नाहीत? कारण तिथे यायला बस बदलावी लागते, वेळ जातो. जो आला, त्याला वस्तू हवी असतेच. मोबाइलवर चौकशीला एक पैसा लागत नाही, म्हणून एकच माणूस एका दमात दहा जणांना 'लास्ट प्राइस?' पाठवतो. त्यातले नऊ जण ताटकळतात. स्वभाव तोच आहे, चौकशी फुकट झाली आहे.

३. घेणाऱ्याचा वैताग

आता दुसरी बाजू. 'नवीकोरी' म्हणून पाहायला जावे तर सायकलची चेन गंजलेली. फोटो भलत्याच वस्तूचा. 'एकदाच वापरली' म्हणणाऱ्याला पावती मागितली की 'हरवली'. 'मालक स्वतः' असे लिहिलेल्या जाहिरातीमागे दलाल निघतो. म्हणून घेणारा आधीच धरून चालतो, की समोरचा काहीतरी लपवतोय. आणि त्या संशयापोटी तो किंमत पाडून मागतो.

म्हणजे बघा, दाराशी होणारी ती ५०० रुपयांची घासाघीस नुसत्या कंजूसपणातून येत नाही. तिच्यात न दिसणाऱ्या दोषाची भीतीही असते.

४. लिंबाची गोष्ट आणि चिठ्ठ्यांचा खेळ

अमेरिकेत बोलीभाषेत बिघडक्या गाडीला 'लेमन', म्हणजे लिंबू म्हणतात. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये या 'लिंबांच्या बाजारावर' एक लेख लिहिला. तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. पुढे त्याच विषयातल्या कामासाठी २००१ मध्ये त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे सहावीच्या गणितात बसते.

समजा, बाजारात १० जुन्या सायकली आहेत. पाच चांगल्या, प्रत्येकी ४००० रुपये मोलाच्या. पाच बिघडक्या, प्रत्येकी १००० रुपये मोलाच्या. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. घेणारा किती देईल? सरासरी काढा : २०,००० अधिक ५,००० भागिले १०, म्हणजे २५०० रुपये. चांगल्या सायकलवाला म्हणतो, '३५०० च्या खाली देणार नाही, त्यापेक्षा घरात राहू दे.' तो बाजारातून निघून जातो. बिघडकीवाला मात्र २५०० ला आनंदाने तयार. हळूहळू घेणाऱ्यांच्या लक्षात येते की राहिल्या त्या बिघडक्याच, आणि भाव १००० वर येतो.

यात नुकसान कोणाचे झाले? चांगली वस्तू असलेल्याचे आणि चांगली वस्तू हवी असलेल्याचे. खोटे बोलणारा एक असतो, पण त्याची किंमत प्रामाणिक माणसाला मोजावी लागते.

हा खेळ वर्गात घ्या. दहा चिठ्ठ्या करा, पाचांवर 'चांगली', पाचांवर 'बिघडकी'. दहा मुले विकणारी, दहा घेणारी. पहिल्या फेरीत चिठ्ठी दाखवायची नाही, तोंडाने काहीही सांगायची मुभा. दुसऱ्या फेरीत पैसे देण्याआधी चिठ्ठी उघडून बघायची. दोन्ही फेऱ्यांत किती 'चांगल्या' सायकली विकल्या गेल्या, ते फळ्यावर मांडा. पुढचे मुलेच सांगतील.

५. दोष सांगणारी जाहिरात

आता दोन जाहिराती फळ्यावर लिहा.

पहिली : 'खुशखबर! एकदम नवीकोरी सायकल! फक्त एकदाच वापरलेली! स्वस्तात मस्त! त्वरा करा!'

दुसरी : 'मुलांची सायकल, गिअर नाही. मार्च २०२२ मध्ये घेतली, पावती आहे. सहावी ते आठवी शाळेसाठी रोज वापरली. मागचा टायर गेल्या दिवाळीत बदलला. पुढचा ब्रेक सैल आहे, सीटचे कव्हर फाटले आहे, त्याचा फोटो दिला आहे. मुलगा उंच झाल्याने लहान पडते, म्हणून विकणे आहे. किंमत २२०० रुपये. किमतीचे बोलणे सायकल पाहून झाल्यावर. शनिवारी-रविवारी सकाळी ९ ते ११, सोसायटीच्या गेटपाशी.'

परीक्षेत पहिलीला जास्त गुण मिळतील. बाजारात मात्र दुसरीवर विश्वास बसतो. कारण विचारा. जो माणूस ब्रेक सैल आहे हे स्वतःहून सांगतो, त्याचे 'टायर नवा आहे' हे वाक्य आपण खरे मानतो. सांगितलेला दोष बाकीच्या वाक्यांना जामीन राहतो. शिवाय ज्याला सैल ब्रेक चालणार नाही तो आधीच गळतो, आपला रविवार वाचतो. आणि दारात दोष 'शोधून' किंमत पाडायचे कारणही उरत नाही.

भाषेच्या अंगाने आणखी एक बघा. पहिल्या जाहिरातीत सगळी विशेषणे, दुसरीत सगळी नामे आणि संख्या. 'मस्त' हे पडताळता येत नाही, 'मार्च २०२२' पडताळता येते.

६. गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे का?

हा प्रश्न मूल्यशिक्षणाच्या तासाला जरूर घ्या. कायदा काय म्हणतो? १९३० च्या वस्तू विक्री कायद्यातले कलम १६ साधारणपणे घेणाऱ्यालाच सावध राहायला सांगते. १८७२ च्या करार कायद्यातल्या कलम १७ नुसार नुसते गप्प राहणे ही बहुतेक वेळा फसवणूक ठरत नाही. पण खोटे आहे हे माहीत असून फसवण्यासाठी ते खरे म्हणून सांगणे, ही फसवणूक ठरते.

म्हणून घेणाऱ्याचे सगळ्यात मोठे हत्यार म्हणजे प्रश्न. 'ब्रेक दुरुस्त केलेत का? अपघात झालाय का? पावती कोणाच्या नावावर आहे?' हे बोलण्यात नको, लेखी निरोपात विचारा, म्हणजे उत्तर राहते. गप्प बसणाऱ्याला प्रश्न विचारला की त्याला खरे किंवा खोटे यातले एक निवडावेच लागते.

कायद्याने चालते ते सगळे बरोबर असते का? यावर मुलांना भांडू द्या. तुम्ही मध्ये पडू नका.

७. सगळ्यात महत्त्वाचे : घाई करणारे गिऱ्हाईक

इतके दिवस 'लास्ट प्राइस?'ला कंटाळलेल्या माणसाला एके दिवशी गोड गिऱ्हाईक भेटते. घासाघीस नाही, वस्तू बघायची नाही, 'लगेच पैसे पाठवतो' म्हणते. पुष्कळदा ते स्वतःला लष्करातला जवान म्हणवते, ओळखपत्राचा फोटोही पाठवते, कारण गणवेशावर आपला विश्वास असतो. मग एक क्यूआर कोड येतो : 'हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात जमा होतील.' आधी विश्वास बसावा म्हणून दोन-पाच रुपये खरेच पाठवलेही जातात. पिन टाकला की पैसे जमा होत नाहीत, जातात.

मुलांकडून तीन वाक्ये पाठ करून घ्या आणि घरी आजी-आजोबांना सांगायला लावा.

• यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो. पैसे घ्यायला कधीच लागत नाही.
• 'चुकून जास्त पाठवले, परत करा' असा निरोप आला, तर एसएमएसवर जाऊ नका, बँकेच्या खात्यात शिल्लक बघा.
• वस्तू पाहण्याआधी टोकन नाही, आगाऊ नाही, गाडीभाडे नाही.

पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नका. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तक्रार पोचली तर ते अडवता येण्याची शक्यता असते. म्हणून इथे प्रत्येक मिनिट मोलाचे. पालकांनो, मुलाच्या हातून असे झाले तर रागावणे नंतर. आधी फोन. रागाच्या भीतीने मूल दोन दिवस गप्प राहिले, तर अडवण्याची वेळ निघून जाते.

८. मोबाइल आणि दुचाकी : कागद आधी

जुना मोबाइल घेताना स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय क्रमांक बघा आणि दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर तो तपासा. पावतीवरचा क्रमांकही तोच हवा. चोरीचा माल आहे असे मानायला कारण असूनही तो अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. 'फारच स्वस्त मिळाला' हे वाक्य तिथे उपयोगी पडत नाही. मोबाइल विकणाऱ्याने आपली सगळी खाती काढून फोन पूर्ण पुसून द्यावा.

दुचाकी विकताना पैसे मिळाले की काम संपले, असे समजू नका. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदलून घ्या. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे असते. नाव बदलले नाही तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्यावर येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात हे स्पष्ट केले आहे.

आणि एक : १८ वर्षांखालच्या मुलाला कायद्याने करार करता येत नाही. जाहिरात मुलाने लिहावी, फोन क्रमांक, व्यवहार आणि भेट मात्र पालकाची. भेट चारचौघांत, दिवसाउजेडी.

९. स्वाध्याय

१. घरातली एक वापरलेली वस्तू निवडा. तिचे तीन गुण आणि तीन दोष लिहा. 'मस्त', 'सुंदर', 'नवीकोरी' हे शब्द न वापरता ६० शब्दांत जाहिरात तयार करा.
२. शेजाऱ्याची जाहिरात वाचा आणि विकणाऱ्याला विचारायचे पाच प्रश्न लिहा.
३. 'तुमची सायकल घ्यायला येतो म्हणालो होतो, पण जमणार नाही' हा निरोप दोन ओळींत, सभ्य भाषेत लिहा.

तिसरा प्रश्न छोटा वाटेल, पण तो गाळू नका. चौकशी फुकट असली तरी समोरच्याचा रविवार फुकट नसतो. नाही म्हणायचे असेल तर तसे वेळेवर कळवणे, हेही उपयोजित लेखनच आहे.