उंच टाचेची सवय : गिऱ्हाइकाला काय सांगावे?

पादत्राणांच्या धंद्यात असलेल्या आपल्या बंधूंच्या तोंडी एक वाक्य दिवसातून दहा वेळा येते : "चार दिवस वापरा, सवय होऊन जाईल." चप्पल चावत असो, पट्टा रुतत असो की टाच उंच असो, उत्तर एकच. हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो, आणि खरे सांगायचे तर गल्ल्यावर बसून स्वतःही बोललो आहोत. त्यात खरे किती आणि खोटे किती हे तपासून पाहण्याची पाळी मात्र जवाहरनगरला आली.

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर ही आयुध निर्माणीची वसाहत. नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना ठाणा पेट्रोल पंपाचा थांबा लागतो, त्याच्या जवळच. १९६० च्या दशकात कारखाना उभा राहिला, निरनिराळ्या प्रांतांतून नोकरदार कुटुंबे आली आणि त्यांच्या आधाराने बाजार वाढला. भोवताली मात्र सगळी धानाची खेडी. त्यामुळे इथल्या चपलांच्या दुकानात दोन तऱ्हेचे पाय येतात. एक वसाहतीतला, लहानपणापासून बूट-मोज्यांत वाढलेला. दुसरा चिखलात रोवणी करून चवड्याशी रुंद झालेला. फळीवरचा माल मात्र दोघांना एकच, आग्र्याहून किंवा मुंबईहून आलेला.

अशाच एका दुकानात लग्नसराईच्या दिवसांत आम्ही बसलो होतो. एक बाई मुलीला घेऊन आल्या. घरात लग्न, मुलीला तीन इंच बारीक टाचेची सँडल पसंत पडलेली. आईने विचारले, "चाचा, हिनं असं कधी घातलं नाही. सवय होते का याची?" दुकानदार म्हणाले, "होते बाई. आठ दिवस घरात घालून फिरू द्या." माल गेला, पैसे आले. मग ते आमच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही लिहिता-वाचता. मी सांगितलं ते बरोबर होतं का?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. नंतर पुस्तके आणि अहवाल चाळून जे हाती लागले ते इथे मांडत आहोत.

सवय कशाला होते?

पहिली गोष्ट अशी की "सवय" या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक, पादत्राण पायाच्या आकाराला येते. चामडे असेल तर ते ताणते. रेक्झिन फार थोडे ताणते आणि पुष्कळदा ताणण्याऐवजी तडकते. तेव्हा "सैल होईल" हे चामड्याच्या बाबतीत बरेचसे खरे, रेक्झिनच्या बाबतीत बहुधा खोटे. हे कारागिराला सांगायला नको, पण विकणारे आपले बंधू दोन्ही मालांना एकच वाक्य लावतात. दोन, कातडी घट्टे धरते. तीन, खुद्द शरीर, म्हणजे पोटरी, घोटा आणि तोल, त्या उंचीशी जुळवून घेते. आईने विचारले होते ते या तिसऱ्या गोष्टीबद्दल.

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "होय" असेच आहे. शरीर जुळवून घेते, आणि ते कसे हे मोजलेही गेले आहे. २०१० साली युरोपातील काही संशोधकांनी नेहमी उंच टाच वापरणाऱ्या ११ स्त्रिया आणि न वापरणाऱ्या ९ स्त्रिया यांच्या पोटऱ्यांची मापे घेतली. पोटरीच्या आतल्या बाजूच्या स्नायूचे तंतू न वापरणाऱ्यांत सरासरी ५६ मिलिमीटर, तर वापरणाऱ्यांत ४९.६ मिलिमीटर भरले. टाचेच्या मागची जी जाड शीर आपण बोटांनी चाचपू शकतो, ती वापरणाऱ्यांत अधिक जाड आणि अधिक ताठ होती. पोटरीची ताकद मात्र दोन्ही गटांत सारखीच होती. घोट्याची हालचाल तेवढी आखडली होती.

हे का होते ते समजायला अवघड नाही. हाड मोडून पायाला प्लास्टर घातलेला माणूस आपण पाहिलेला असतो. प्लास्टर काढल्यावर पाय लगेच सरळ पडत नाही, कारण स्नायू ज्या लांबीत ठेवला त्याच लांबीचा होऊ पाहतो. उंच टाचेत पोटरी दिवसभर आखूड राहते आणि हळूहळू कायमची आखूड होते. इकडे मोलकरणीपासून मास्तरणीपर्यंत कित्येक जणी सांगतात की "मला सपाट चप्पल चालतच नाही, टाच दुखते." त्या खोटे बोलत नाहीत. सपाट तळव्यावर उभे राहिले की आखूड झालेली पोटरी आणि ताठ झालेली शीर ओढली जाते. शरीराने सवय केली, पण तिच्या बदल्यात आधीची सवय देऊन टाकली, असा हा व्यवहार आहे.

घरच्या घरी पाहण्याची एक साधी रीत आहे. वजूला, नळावर किंवा चुलीपुढे आपल्या बायका उकिडव्या बसतात, तेव्हा दोन्ही टाचा जमिनीला टेकतात का ते पाहावे. पूर्वी टेकत असतील आणि आता उचलल्या जात असतील तर घोटा आखडत चालला आहे असे धरायला हरकत नाही. विलायतेत उकिडवे बसणे नसल्याने तिथल्या बाईला हा तोटा दहा वर्षे कळणार नाही. आपल्याकडे तो पहिल्या पावसाळ्यातच कळेल.

दोन वर्षांनंतर काय?

आता कोणी म्हणेल, पोटरी आखूड झाली तर झाली. एकदा तिने जुळवून घेतले की पुढे चालणे तरी सोपे होत असेल. आम्हालाही तसेच वाटले होते. पण २०१२ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या पाहणीचे उत्तर वेगळे आहे. किमान दोन वर्षे, आठवड्याला किमान ४० तास, पाच सेंटिमीटर म्हणजे सुमारे दोन इंच किंवा त्याहून उंच टाच वापरणाऱ्या नऊ स्त्रिया त्यात होत्या. इतक्या सरावानंतरही उंच टाचेत चालताना त्यांच्या स्नायूंवर अनवाणी चालण्यापेक्षा पुष्कळ जास्त ताण पडत होता आणि स्नायूंना जास्त राबावे लागत होते. दोन वर्षांची सवय त्यांना दमण्यापासून वाचवत नव्हती.

तिसरी पाहणी दक्षिण कोरियातील, २०१५ ची. विमानसेविका होण्याचे शिक्षण घेणाऱ्या मुलींना तिथे वर्गात उंच टाच घालावी लागे. पहिल्या ते चौथ्या वर्षापर्यंतच्या मुली तपासल्या गेल्या. मधल्या वर्षांतल्या मुलींचे घोट्याच्या दोन्ही कडांचे काही स्नायू नवख्या मुलींपेक्षा बळकट निघाले. आपले दुकानदार ज्याला सवय म्हणतात ती हीच. परंतु चौथ्या वर्षाच्या मुलींत तेच स्नायू नवख्यांपेक्षाही दुबळे होते आणि तोल जास्त ढळत होता. या सगळ्या पाहण्या थोड्या जणींवर झालेल्या आहेत हे ध्यानात ठेवलेच पाहिजे. तरीही तिन्हींचा कल एकाच बाजूला आहे.

गुडघ्याची गोष्ट तर आपल्या धंद्याला आणखी अडचणीची. १९९८ साली अमेरिकेत २० निरोगी स्त्रियांना उंच टाचेत आणि अनवाणी चालवून पाहिले, तेव्हा गुडघ्याच्या वाटीवरचा आणि आतल्या बाजूवरचा भार वाढलेला आढळला. त्याच संशोधकांनी २००१ मध्ये रुंद टाच तपासली. आम्ही स्वतः कित्येक गिऱ्हाइकांना "बारीक नको, रुंद टाच घ्या, त्रास नाही" असे सांगितले आहे. रुंद टाचेने घोटा मुरगळण्याची भीती कमी होते हे खरे, पण गुडघ्यावरचा भार तिनेही वाढतोच, असे त्यात निघाले. तेव्हा ते वाक्य अर्धेच खरे होते, हे कबूल करणे भाग आहे.

एक ऐतिहासिक गोष्ट जाता जाता. टाच ही मुळात बायकांची नव्हेच. इराणातले घोडेस्वार रिकिबीत पाय अडकून राहावा आणि उभे राहून तीर मारता यावा म्हणून टाचेचे जोडे घालीत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीस शाह अब्बासच्या काळात इराणचे वकील युरोपात गेले आणि तिथल्या सरदारांनी ही टाच उचलली. फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचा मिरवीत असे. म्हणजे टाच बनली घोड्यावर बसण्यासाठी. दिवसभर फरशीवर उभे राहण्यासाठी ती कधीच नव्हती.

कारागिरांसाठी

इथे आमच्या कारागीर बंधूंच्या हातात बरेच काही आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर लाखावर लोकांच्या पायांची मापे घेतली. आपले पाय युरोप-अमेरिकेच्या पायांपेक्षा रुंद आहेत असे त्यात दिसले. इंग्रजी मापाच्या फर्म्यात पंजा बसत नाही म्हणून गिऱ्हाईक एक नंबर मोठा घेते. सपाट चपलेत ते खपून जाते. उंच टाचेत मात्र मोठ्या नंबरामुळे पाय उतारावरून पुढे घसरतो, बोटे टोकाशी चेपतात आणि टाच मागे मोकळी राहते. अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढणे, करंगळीवर कुरूप होणे, ही दुखणी यातून वाढीस लागतात. आपण त्यांना "सवय होत नाही" म्हणतो, आणि खरा दोष फर्म्याचा असतो. ज्यांच्या गिऱ्हाइकांत रोवणीचे पाय आहेत त्यांनी चवड्याशी रुंद फर्मा वेगळा करून घ्यावा. खर्च एकदाच होतो.

दुसरे, टाच बसवण्याची जागा. टाचेचा मध्य पायाच्या टाचेच्या हाडाखाली आला पाहिजे. दिसायला ऐटदार म्हणून ती मागे सरकवली की जोडा प्रत्येक पावलाला हलतो. तळाच्या कमानीत घालायची लोखंडी पट्टी काही जण पैसे वाचवायला पातळ घालतात किंवा पुठ्ठ्यावर भागवतात. असा जोडा महिन्याभरात मधून वाकतो आणि टाच मागे कलते. बाई पडली तर दोष तिच्या सवयीला दिला जातो.

तिसरे, उंची मोजण्याची रीत. टाच तीन इंच आणि पुढचा तळ एक इंच जाड असेल तर पायाला लागणारा उतार दोनच इंचांचा असतो. हा फरक मोजून डब्यावर लिहिणारे दुकान आम्ही अजून पाहिलेले नाही. लिहिले तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा तिथेच येईल असे आम्हाला वाटते.

मग गल्ल्यावर बसणाऱ्याने काय बोलावे? मालाचा ऐब लपवून विकणे आपल्यात बरे मानलेले नाही, हे आम्ही सांगायला नको. पण उंच टाच म्हणजे ऐबी माल नव्हे. लग्नात, समारंभात दोन-चार तास घालणारीला भीती घालण्याचे कारण नाही. तिला एवढेच सांगावे की संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना माप घ्या, दोन्ही पायांत घालून दुकानाच्या फरशीवर चाला, आणि जाता-येता साधी चप्पल पिशवीत ठेवा. रोज आठ तास उभे राहणारी बाई, म्हणजे शाळेतली, काउंटरवरची, दवाखान्यातली, तिला मात्र दोन इंचांच्या वर स्वतः होऊन दाखवू नये. तिने मागितलेच तर "सवय होईल" म्हणण्याऐवजी "रोजच्या वापराला हे नको" असे म्हणावे. एक जोड कमी खपेल हे खरे. पण तीच बाई सपाट आणि अर्ध्या इंचाचे दोन जोड वर्षात नेते, हा आमचा अनुभव आहे.

आणि वीस वर्षे उंच टाच घातलेली बाई गुडघे धरून आली, "आता अगदी सपाट द्या" म्हणाली, तर तिला एकदम सपाट देऊ नये. आखूड झालेली शीर एकाएकी ओढली गेली तर टाच अधिक दुखेल. तीन इंचांवरून दोन, दोनावरून एक, असे काही महिन्यांच्या अंतराने खाली आणावे. जोडीला, पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा हलकेच खाली सोडण्याचा व्यायाम ती करू शकते. दुखणे जास्त असेल तर हाडांच्या डॉक्टरकडे जावे.

त्या जवाहरनगरच्या दुकानात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा हे सगळे सांगितले. चाचांनी शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "आणि ती मुलगी?" तिने सँडल लग्नात घातली होती, वरातीच्या वेळी हातात घेतली होती, आणि दुसऱ्या दिवशी टाचेची टोपी निघाली म्हणून आई ती दुरुस्तीला घेऊन आली होती, हे त्यांनीच मग हसत सांगितले. टोपी त्यांनी फुकट बसवून दिली, आणि मुलीच्या कॉलेजसाठी आईने त्याच फेरीत एक सपाट जोड नेला.